आरोग्यसेवेची बाजारपेठ आणि विद्यापीठीय अर्थशास्त्रज्ञांचे संशोधन : शेळगाव (ता. इंदापूर) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

आजारपण हा वैद्यकशास्त्राचा विषय मानला जातो, परंतु आजारपणाचा खर्च हा अर्थशास्त्राचा विषय आहे. ग्रामीण कुटुंब कर्जबाजारी होण्यामागे शेतीतील तोट्याइतकेच घरातील दुखणेही कारणीभूत ठरते. विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांनी आरोग्यसेवेच्या बाजारपेठेचा अभ्यास का व कसा केला, महाराष्ट्रात या अभ्यासाची परंपरा कोणती आणि त्यातून बारामती-इंदापूर परिसरातील सामान्य कुटुंबाला काय समजून घेता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : आरोग्य अर्थशास्त्र, माहितीची विषमता, पुरवठादार-प्रेरित मागणी, खिशातून होणारा खर्च, आरोग्य विमा, ऊसतोड कामगार.

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील शेळगाव हे गाव बारामती-इंदापूर मार्गाच्या परिसरात वसलेले आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी अंथुर्णे येथून निमगाव केतकीकडे याच भागातून जाते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, ऊस, भवानीनगरचा सहकारी साखर कारखाना आणि वालचंदनगरची औद्योगिक वसाहत यांमुळे हा परिसर राज्यातील तुलनेने सधन भागात गणला जातो. तथापि सधनता आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या बाबी आहेत. उसाचे बिल हाती येण्यापूर्वीच घरातील एखाद्या व्यक्तीला दवाखान्यात दाखल करावे लागले, तर पतसंस्थेचे कर्ज, सोनेतारण किंवा नातेवाइकांकडून उसनवारी यांपैकी एखादा मार्ग धरावा लागतो. ही गोष्ट या भागातील कोणालाही नवीन नाही.

महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविताना असे दिसून येते की, ‘मागणी वाढली की किंमत वाढते’ हा नियम विद्यार्थी कांद्याच्या बाबतीत चटकन समजून घेतात. परंतु ‘डॉक्टरांची संख्या वाढली तर उपचार स्वस्त होतील का?’ असा प्रश्न विचारला की वर्ग गोंधळतो. हा गोंधळ योग्यच आहे. आरोग्यसेवेच्या बाबतीत बाजारपेठेचे नेहमीचे नियम तसेच्या तसे लागू पडत नाहीत. ते का लागू पडत नाहीत, याचा शोध घेणारी अर्थशास्त्राची शाखा म्हणजे आरोग्य अर्थशास्त्र होय.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) आरोग्यसेवा ही इतर वस्तूंपेक्षा वेगळी का आहे हे स्पष्ट करणे.
२) महाराष्ट्रातील आरोग्य अर्थशास्त्रीय संशोधनाच्या परंपरेचा परिचय करून देणे.
३) अर्थशास्त्रज्ञांच्या संशोधन पद्धती सोप्या उदाहरणांतून समजावून सांगणे.
४) या संशोधनाचा ग्रामीण कुटुंबांच्या व धोरणाच्या दृष्टीने उपयोग तपासणे.

लेखासाठी प्रकाशित संशोधन, राष्ट्रीय नमुना पाहणीचे अहवाल व शासकीय निर्णय या दुय्यम साधनसामग्रीचा आधार घेतला असून, पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. विवेचनात जेथे काल्पनिक आकडे वापरले आहेत, तेथे तसे नमूद केले आहे.

३. आरोग्यसेवा : एक वेगळी वस्तू

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेतील अनिश्चितता आणि कल्याणाचे अर्थशास्त्र यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. आधुनिक आरोग्य अर्थशास्त्राचा प्रारंभ बहुधा याच निबंधापासून मानला जातो. ॲरो यांच्या विवेचनाचा आणि त्यानंतरच्या संशोधनाचा आशय चार मुद्द्यांत मांडता येईल.

अ) अनिश्चितता : कुटुंबाला धान्य किती लागेल हे वर्षाच्या सुरुवातीस सांगता येते. हृदयविकाराचा झटका कोणाला व केव्हा येईल हे सांगता येत नाही. म्हणून या खर्चाची तरतूद एकेकट्या कुटुंबाने करण्यापेक्षा अनेकांनी मिळून करणे लाभदायक ठरते. विम्याचे तत्त्व ते हेच.

आ) माहितीची विषमता : शेतकरी बैल विकत घेताना त्याचे दात पाहतो, चाल पाहतो आणि चार जाणकारांना विचारतो. रुग्णाला मात्र आपल्याला कोणता आजार झाला आहे हेच ठाऊक नसते. कोणती तपासणी आवश्यक आहे हे डॉक्टर सांगतात, आणि पुष्कळदा ती तपासणी करणारेही तेच किंवा त्यांच्या परिचयातील असतात. मागणी कोणती असावी हे पुरवठादाराने ठरवावे, अशी स्थिती येथे निर्माण होते. यालाच ‘पुरवठादार-प्रेरित मागणी’ असे म्हणतात. डॉक्टरांची संख्या वाढूनही उपचार स्वस्त होतीलच असे नाही, याचे एक कारण येथे सापडते.

इ) प्रतिकूल निवड : विमा ऐच्छिक असेल तर आजारी पडण्याची शक्यता अधिक असलेली माणसे तो आधी घेतात. त्यामुळे विमा कंपनीचा खर्च वाढतो, हप्ता वाढतो आणि निरोगी माणसे विम्याबाहेर पडतात. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हीच प्रक्रिया दाखविली होती. संपूर्ण लोकसंख्येला सामावून घेणाऱ्या शासकीय योजनांमागील एक अर्थशास्त्रीय कारण म्हणजे ही अडचण टाळणे हे होय.

ई) नैतिक धोका : खर्च दुसरा कोणी देणार असेल तर सेवेचा वापर वाढतो. तो किती वाढतो हे पाहण्यासाठी अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड या संस्थेने एक मोठा प्रयोग केला. ज्या कुटुंबांना सर्व उपचार मोफत होते त्यांचा वैद्यकीय खर्च, बहुतांश खर्च स्वतः करणाऱ्या कुटुंबांपेक्षा बराच अधिक झाला. सर्वसाधारण व्यक्तींच्या आरोग्यात त्यामुळे फारसा फरक पडला नाही. परंतु जे गरीब होते आणि आधीपासून आजारी होते, त्यांना मोफत उपचारांचा लाभ झाला, विशेषतः त्यांच्या रक्तदाबात सुधारणा झाली. प्रयोगाचा हा दुसरा भाग पुष्कळदा सांगायचा राहून जातो. ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

४. महाराष्ट्रातील संशोधन परंपरा

आरोग्याचा अर्थशास्त्रीय अभ्यास हा परदेशातून आयात केलेला विषय आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः पुणे जिल्ह्याला या बाबतीत मोठी परंपरा आहे. रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेची स्थापना झाली. धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक होते. घरोघर जाऊन माहिती गोळा करण्याची शिस्त या संस्थेने महाराष्ट्रात रुजविली. वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन व मृत्यू यांची पाहणी केली. ती १९५३ मध्ये संस्थेतर्फे प्रसिद्ध झाली. जन्म-मृत्यूच्या नोंदी अपुऱ्या असलेल्या काळात, गावातील किती मुले दगावतात हे कुटुंबांना विचारून मोजणे हे स्वतंत्र संशोधन कार्य होते. या संस्थेस १९९३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ मध्ये स्थापन झाली व १९८५ मध्ये अभिमत विद्यापीठ बनली. १९९२-९३ पासून झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या पाच फेऱ्यांचे समन्वयन या संस्थेने केले. तेथील संजय मोहंती यांच्यासारख्या संशोधकांनी कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या आरोग्य खर्चावर सातत्याने लेखन केले आहे.

विद्यापीठांबाहेरील संशोधनाचाही येथे निर्देश करणे आवश्यक आहे. डॉ. नोशीर अंतिया यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेसाठी रवी दुग्गल व सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यातील कुटुंबांच्या आरोग्य खर्चाची पाहणी केली. ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. शासकीय यंत्रणा अस्तित्वात असूनही लोक मोठ्या प्रमाणावर खासगी डॉक्टरांकडे जातात व स्वतःच्या खिशातून पैसे देतात, ही बाब या पाहणीने आकड्यांनिशी पुढे आणली. पुढे सुनील नांदराज व रवी दुग्गल यांनी सातारा जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील खासगी दवाखान्यांच्या भौतिक सुविधांचा अभ्यास केला. डॉ. अनंत फडके यांनी त्याच जिल्ह्यातील औषधांचा पुरवठा व वापर तपासला आणि अनावश्यक औषधांच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले. शेजारच्या सातारा जिल्ह्यात झालेले हे अभ्यास आपल्या परिसरासाठीही मार्गदर्शक आहेत.

५. अर्थशास्त्रज्ञ मोजतात कसे?

५.१ कुटुंब पाहणी

सर्वांत जुनी पद्धत म्हणजे कुटुंबाला विचारणे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) रुग्णालयात दाखल झालेल्यांविषयी मागील ३६५ दिवसांची, तर किरकोळ आजारांविषयी मागील १५ दिवसांची माहिती विचारण्यात आली. असा फरक करण्याचे कारण सोपे आहे. शस्त्रक्रिया माणूस वर्षभर विसरत नाही, परंतु मागच्या महिन्यातील खोकल्याच्या औषधाला किती रुपये पडले हे त्याला आठवत नाही.

या पाहणीनुसार प्रसूती वगळता रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी खर्च ग्रामीण भारतात शासकीय रुग्णालयात ४,२९० रुपये, तर खासगी रुग्णालयात २७,३४७ रुपये होता. म्हणजे खासगी खर्च शासकीय खर्चाच्या सहापटींहून अधिक होता. असे असूनही ग्रामीण भागातील निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारे ४६ टक्के रुग्ण शासकीय रुग्णालयात दाखल झाले होते. ग्रामीण कुटुंबांनी हा खर्च मुख्यतः उत्पन्न व बचतीतून भागविला, आणि सुमारे १३ टक्के प्रकरणांत कर्ज हा मुख्य आधार होता. आरोग्य खर्चाचे संरक्षण ग्रामीण लोकसंख्येपैकी केवळ १४ टक्के लोकांना होते.

येथे ‘आपत्तीजनक खर्च’ ही संकल्पना समजून घेणे उचित ठरेल. कुटुंबाच्या एकूण उपभोग खर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक, किंवा अन्नखर्च वगळता उरणाऱ्या क्षमतेच्या ४० टक्क्यांहून अधिक रक्कम आजारपणावर खर्च झाली, तर तो खर्च आपत्तीजनक समजला जातो. मात्र या मोजमापात एक त्रुटी राहते. पैशाअभावी जो माणूस दवाखान्यात गेलाच नाही त्याचा खर्च शून्य नोंदला जातो, आणि तो सुरक्षित असल्याचा भास होतो. म्हणूनच चांगल्या पाहणीत ‘उपचार का घेतले नाहीत?’ हा प्रश्नही विचारला जातो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. ही घट स्वागतार्ह आहे. परंतु हे प्रमाण आहे, रक्कम नव्हे, याचे भान ठेवले पाहिजे.

५.२ प्रत्यक्ष भेट व प्रशिक्षित रुग्ण

कुटुंबाला विचारून खर्च कळतो, पण सेवेचा दर्जा कळत नाही. त्यासाठी संशोधकांनी दुसरी पद्धत वापरली. अभिजित बॅनर्जी, अँगस डीटन व एस्तेर डुफ्लो यांनी राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात २००२-०३ मध्ये आरोग्य केंद्रांना वर्षभर पूर्वसूचना न देता भेटी दिल्या. तेथील उपकेंद्रे कामकाजाच्या वेळेतही निम्म्याहून अधिक वेळा बंद आढळली. शासकीय सेवा मोफत असूनही लोक पैसे मोजून खासगी व्यक्तीकडे का जातात, याचे एक उत्तर त्यातून मिळाले. बंद दारापर्यंत जाऊन परत यावे लागले तर दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे मोफत सेवेची खरी किंमत शून्य राहत नाही.

त्याच जिल्ह्यातील आणखी एका प्रयोगात लसीकरणाचे शिबिर ठरलेल्या दिवशी खात्रीने भरविण्यात आले, आणि काही गावांत लसीकरणास येणाऱ्या मातांना एक किलो डाळ देण्यात आली. कोणताही उपक्रम नसलेल्या गावांत पूर्ण लसीकरण सुमारे ६ टक्के, शिबिराच्या गावांत सुमारे १८ टक्के आणि शिबिर व डाळ दोन्ही असलेल्या गावांत सुमारे ३९ टक्के झाले. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात प्रशिक्षित व्यक्तींना ठराविक लक्षणे सांगणारे रुग्ण म्हणून डॉक्टरांकडे पाठविले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, तोच शासकीय डॉक्टर आपल्या खासगी दवाखान्यात रुग्णाला अधिक वेळ देतो, अधिक प्रश्न विचारतो आणि योग्य उपचार करण्याचे त्याचे प्रमाणही अधिक असते. याचा अर्थ केवळ पदवी व यंत्रसामग्री पुरेशी नाही, प्रयत्न करण्यास लावणारी व्यवस्थाही आवश्यक आहे.

५.३ योजनेपूर्वी व योजनेनंतर : सीमेवरील तुलना

एखाद्या योजनेचा परिणाम कसा ओळखावा हा तिसरा प्रश्न आहे. तो समजण्यासाठी इंदापूर तालुक्याइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई व मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुणे जिल्ह्यासह उर्वरित महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. इंदापूर तालुक्याच्या एका बाजूस भीमा व दुसऱ्या बाजूस नीरा वाहते, आणि नदीपलीकडे सोलापूर जिल्हा आहे. पीक, पाऊस, मजुरी व राहणीमान दोन्ही तीरांवर बरेचसे सारखे आहे. मात्र सुमारे सोळा महिने एका तीरावरील पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या ठराविक उपचारांचे संरक्षण होते, आणि दुसऱ्या तीरावरील तशाच कुटुंबाला ते नव्हते.

समजा (हे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी आहेत), योजनेपूर्वी दोन्ही तीरांवर मोठ्या शस्त्रक्रियेचा खिशातून होणारा सरासरी खर्च ४०,००० रुपये होता. योजनेनंतर सोलापूरच्या तीरावर तो ३०,००० झाला आणि पुण्याच्या तीरावर महागाईमुळे ४५,००० झाला. केवळ सोलापूरकडे पाहिले तर १०,००० रुपयांची बचत दिसते. परंतु योजना नसती तर तेथेही खर्च ४५,००० पर्यंत गेला असता. म्हणून योजनेचा खरा परिणाम १५,००० रुपयांचा मानावा लागेल. या पद्धतीला ‘फरकांतील फरक’ असे म्हणतात. तिची अट एकच : योजना नसती तर दोन्ही तीरांवरील बदल सारखाच झाला असता, हे मान्य होण्याजोगे असले पाहिजे. सोलापूर शहरातील रुग्णालये एका तीराला जवळची व दुसऱ्याला लांबची असल्यास ही अट काही अंशी ढिली पडते. संशोधकाला असे दोष स्वतःहून शोधावे लागतात.

६. बाजारपेठेच्या अपयशाचे टोक : ऊसतोड कामगार स्त्रिया

वरील संकल्पना केवळ पुस्तकी नाहीत. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या क्षेत्रात येतात. इंदापूर-बारामतीतील फडही त्याला अपवाद नाहीत. या व्यवसायात पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो व त्यावर उचल दिली जाते. दोघांपैकी एकाचाही खाडा झाला तर मुकादम दंड लावतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याची चर्चा झाल्यानंतर २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. हे प्रमाण जवळजवळ १७ टक्के भरते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये देशभरातील हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट व पद्धती एक नसल्याने त्यांची तंतोतंत तुलना करणे योग्य होणार नाही. तरीही अंतर एवढे मोठे आहे की ते दुर्लक्षिता येत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रश्नाला दोन बाजू आहेत. पुरवठ्याच्या बाजूने पाहता येथे माहितीची विषमता पराकोटीची आहे. पोटदुखी किंवा अंगावर पांढरे जाणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या स्त्रीला ‘पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल’ असे सांगितले गेले, तर ते तपासून पाहण्याचे कोणतेही साधन तिच्याजवळ नसते. शस्त्रक्रियेचे उत्पन्न मात्र सल्ला देणाऱ्यालाच मिळते. मागणीच्या बाजूने पाहता, फडात शौचालय नाही, पुरेसे पाणी नाही, मासिक पाळीत विश्रांती नाही आणि खाड्याचा दंड डोक्यावर आहे. अशा स्थितीत मासिक पाळीच बंद करणे त्या स्त्रीला हिशेबी वाटू शकते. तिचा निर्णय अविवेकी म्हणून सोडून देणे सोपे आहे. तिच्यासमोर कोणते पर्याय ठेवले गेले हे तपासणे अधिक आवश्यक आहे.

यावर उपाय म्हणून बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. हा उपाय पुरवठ्याच्या बाजूचा आहे. परंतु खाड्याचा दंड, शौचालय आणि विश्रांती हे प्रश्न ज्या फडात निर्माण होतात तो फड आपल्या तालुक्यात आहे. त्यामुळे मागणीच्या बाजूची जबाबदारी बीडवर टाकून ऊस उत्पादक भागाला मोकळे होता येणार नाही.

प्रसूतीच्या बाबतीतही असाच प्रश्न उपस्थित होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ नुसार देशातील खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के, तर शासकीय रुग्णालयांतील १४.३ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेद्वारे झाल्या. या सर्व फरकाला नफ्याचे कारण चिकटविणे घाईचे ठरेल. शहरी, सुशिक्षित व अधिक वयाच्या माता खासगी रुग्णालयांत अधिक जातात, आणि काही वेळा मागणी कुटुंबाकडूनही होते. हे घटक वेगळे काढल्यानंतर किती फरक उरतो, ते मोजणे हे अर्थशास्त्रज्ञाचे काम होय.

७. किंमत नियंत्रण : लाभ व मर्यादा

बाजारपेठ अपयशी ठरली तर शासनाने किंमत ठरवावी, ही मागणी स्वाभाविक आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविल्या जाणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत ठरविण्यात आली. औषधयुक्त स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये होती. पूर्वी अशा स्टेंटची छापील किंमत लाखाच्या पुढे असे. करोना साथीच्या काळात मे २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले. साध्या विलगीकरण कक्षासाठी प्रतिदिन ४,०००, अतिदक्षता कक्षासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह अतिदक्षता कक्षासाठी ९,००० रुपये असे हे दर होते.

एका घटकाची किंमत बांधली की इतर घटकांच्या बिलात वाढ होण्याचा संभव असतो. म्हणून एकूण बिलाचा अभ्यास करणे अगत्याचे ठरते. दुसरीकडे, विमा योजनेतील दर फार कमी ठेवले तर रुग्णालये योजनेतून बाहेर पडतात किंवा रुग्णाकडून वरची रक्कम घेतात. रुग्णालय चालविणाऱ्या ग्रामीण डॉक्टरलाही कर्जाचे हप्ते, परिचारिकांचे वेतन व उपकरणांचा खर्च असतो. त्याचा विचार न करता ठरविलेला दर कागदावरच राहतो. महाराष्ट्रात १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्क सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. माहितीची विषमता कमी करण्याच्या दिशेने हे एक पाऊल आहे.

८. शेळगाव परिसराच्या संदर्भात विचार

समजा, शेळगावातील एखाद्या अल्पभूधारक कुटुंबातील व्यक्तीच्या छातीत रात्री दुखू लागले. कुटुंबापुढे जवळचा खासगी दवाखाना, इंदापूर व बारामती येथील शासकीय रुग्णालये, आणि अखेरीस पुणे असे पर्याय असतात. २०१९ मध्ये बारामती येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने या पर्यायांत महत्त्वाची भर पडली आहे. महात्मा फुले योजनेचे संरक्षण आता पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले असून ते सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुले झाले आहे. तरीही त्या रात्री कुटुंबाचा निर्णय तीन गोष्टींवर अवलंबून राहील : गाडी कोठे लवकर पोहोचेल, कोणते रुग्णालय योजनेत आहे हे कोणाला ठाऊक आहे का, आणि अनामत रक्कम कोण भरणार. योजनेचा कागदोपत्री लाभ व प्रत्यक्ष लाभ यांतील अंतर याच तीन प्रश्नांत दडलेले असते.

ग्रामीण महाविद्यालयांना येथे मोठी संधी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्यांनी एका गावातील कुटुंबांना मर्यादित प्रश्न विचारले, तरी उपयुक्त माहिती गोळा होऊ शकते. मागील वर्षात कोण दाखल झाले, कोठे झाले, एकूण किती खर्च आला, किती दिवसांची मजुरी बुडाली, पैसे कोठून आणले, योजनेचा लाभ मिळाला का व न मिळाल्यास का, एवढे प्रश्न पुरेसे आहेत. मात्र कुटुंबाची संमती घेणे, नावे गुप्त ठेवणे आणि आजाराविषयी गावात वाच्यता न करणे ही बंधने काटेकोरपणे पाळली पाहिजेत.

९. निष्कर्ष

१) आरोग्यसेवेच्या बाजारपेठेत ग्राहक व विक्रेता यांच्या माहितीत मूलभूत अंतर असल्याने केवळ स्पर्धा वाढवून किंमत व दर्जा सुधारतोच असे नाही.
२) शासकीय सेवा मोफत असणे पुरेसे नाही. ती वेळेवर व खात्रीने उपलब्ध नसेल तर बुडालेली मजुरी हीच तिची किंमत ठरते.
३) विम्यामुळे खर्चाचा भार कमी होऊ शकतो, पण अनावश्यक उपचारांची शक्यताही वाढते. म्हणून विम्यासोबत दर्जाची तपासणी आवश्यक आहे.
४) ऊसतोड कामगार स्त्रियांच्या उदाहरणावरून दिसते की, आरोग्याचा प्रश्न दवाखान्याबाहेरील श्रमाच्या अटींशी जोडलेला असतो.
५) महाराष्ट्रात या विषयाची समृद्ध संशोधन परंपरा आहे. तिला तालुका व गाव पातळीवरील अभ्यासांची जोड मिळणे गरजेचे आहे.

१०. सूचना

१) योजनेत समाविष्ट रुग्णालयांची अद्ययावत यादी ग्रामपंचायत, कारखाना कार्यालय व शिधावाटप दुकान येथे लावावी.
२) ऊसतोड हंगामात फडावर शौचालय, पाणी व फिरते आरोग्य पथक यांची व्यवस्था करावी, आणि आजारपण व मासिक पाळीच्या दिवसांत खाड्याचा दंड आकारू नये.
३) मोठ्या नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी शासकीय रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत मोफत मिळण्याची सोय व्हावी.
४) अर्थशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात आरोग्य अर्थशास्त्राचे स्वतंत्र प्रकरण स्थानिक उदाहरणांसह असावे.

समारोप

शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा हिशेब आपण एकरी टनांत मांडतो. त्याच घरातील आजारपणाचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो घरातील स्त्रीच्या मोडलेल्या दागिन्यात किंवा मुलाच्या सुटलेल्या शिक्षणात लपून राहतो. १९५० च्या सुमारास गोखले संस्थेचे अन्वेषक पुणे जिल्ह्यातील गावोगावी जाऊन जन्म-मृत्यूची विचारपूस करीत होते. जो आकडा कोणी लिहून ठेवत नाही, त्याची दाद कोणी घेत नाही, ही जाणीव त्या कष्टांमागे होती. आज तेच काम आजारपणाच्या खर्चाबाबत करावयाचे आहे, आणि ते करण्यासाठी शेळगावच्या विद्यार्थ्यांना पुण्या-मुंबईस जाण्याची आवश्यकता नाही.